ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावर

बुधवार

आमची कन्या गुवाहाटीच्या आयआयटीत डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सत्रअखेरची सादरीकरणे आणि परीक्षा नोव्हेंबरातच येत असल्यामुळे यंदा दिवाळीला तिला घरी येता आले नाही, तेव्हा फराळाचे डबे घेऊन आम्ही दोघांनीच पुण्याहून तिच्याकडे जायचे ठरविले. मुंबईहून विमान सुमारे तीन तासांत पोहोचते. रेल्वेने दोन दिवसांहून अधिक लागतात, आणि परतीचा प्रवासही तेवढाच असतो.

इतक्या दूर प्रथमच जाणाऱ्या पालकांनी राहण्याची जागा ठरविण्याआधी एक गोष्ट नकाशावर नीट पाहावी. गुवाहाटी शहर ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण तीरावर आहे आणि आयआयटी उत्तर तीरावर, शहराच्या मध्यापासून वीसेक किलोमीटरवर. बहुतेक लोक सवयीने रेल्वे स्थानकाजवळच्या पलटण बाजारात किंवा जीएस रोडवर हॉटेल घेतात. तेथे सोयी भरपूर आहेत, पण मग मुलांना तासभर भेटण्यासाठी रोज जालुकबारीच्या चौकातली गर्दी आणि सराईघाटचा पूल पार करावा लागतो. विमानतळही दक्षिण तीरावरच असला तरी तो शहराच्या पश्चिमेला आहे. तेथून संस्थेकडे जाताना शहरात शिरावे लागत नाही, ही जमेची बाजू.

संस्थेचे स्वतःचे अतिथिगृह आहे आणि आपल्या पाल्याने अर्ज केल्यास पालकांना तेथे खोली मिळू शकते. मात्र आम्ही निघालो त्या आठवड्यात कसलीशी परिषद असल्यामुळे ते भरलेले होते. अखेर पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरून आमिनगावच्या बाजूला एका निवृत्त शिक्षिकेच्या घराच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांचा पत्ता मिळाला. संस्थेचे प्रवेशद्वार तेथून रिक्षाने दहा-बारा मिनिटांवर होते. गरम पाणी, मच्छरदाणी आणि सांगितल्यास दोन वेळचे जेवण, एवढी व्यवस्था होती आणि ती आम्हाला पुरेशी होती. अशा घरगुती जागेत दूरध्वनीवर बोलताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का, रात्री किती वाजता फाटक बंद होते, आणि परिसरातला ओळखीचा गाडीवाला मिळेल का. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण अंधार पडल्यावर शहरातून उत्तर तीरावर यायला ॲपवरच्या टॅक्सीवाल्यांची मने सहजी वळत नाहीत.

आणि अंधार पडतो फार लवकर. आम्ही सामान ठेवून चहा घेतला तेव्हा घड्याळात साडेचार वाजत होते आणि सूर्य मावळला होता. पुण्यात या वेळी दुपारची झोप आटोपून लोक उठत असतात. इथल्या चहाच्या मळ्यांमध्ये आजही घड्याळ एक तास पुढे ठेवून काम करतात, त्याला ‘बागान टाइम’ म्हणतात, हे घरमालकीणबाईंनी सांगितले तेव्हा त्यामागचा व्यवहार लगेच पटला. त्यांना सगळे ‘बाइदेउ’ म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. दुसऱ्या दिवसापासून आम्हीही तेच म्हणू लागलो.

लेक सात वाजता स्टुडिओतून सुटली. डोळ्यांखाली काळे, बोटांना फेव्हिकॉल. चकल्यांचा डबा तिने फाटकाजवळच उघडला. “आई, शनिवारी दुपारपर्यंत मला अजिबात वेळ नाही, तुम्ही दोघे हिंडा,” असे तिने सांगितले आणि सायकलवर टांग टाकून ती निघून गेली. ह्यांचा चेहरा थोडा उतरला. मला मात्र त्यात वावगे वाटले नाही. आपण आपल्या सोयीने आलो, तिची सादरीकरणे तिच्या सोयीने ठरलेली नव्हती.

गुरुवार

ह्यांचा गुरुवारचा उपवास. साबुदाण्याचे नाव काढण्यात अर्थ नव्हता, पण उपवास म्हणताच बाइदेउंनी दुसरा प्रश्न न विचारता उकडलेली रताळी, पपई आणि घट्ट दही आणून ठेवले. माझ्यापुढे जलपान आले: भिजवलेले पोहे, दही, गूळ. याच पद्धतीने कोमल साउल नावाचा तांदूळही खातात. तो शिजवावा लागत नाही, कोमट पाण्यात भिजविला की थोड्या वेळात मऊ होतो. जेवणानंतर तामूल-पान देण्याची पद्धत आहे. येथील सुपारी ओली आणि आंबवलेली असते, आणि सवय नसलेल्या माणसाला ती चांगलीच चढते. मी अर्धी खाऊन भिंतीला टेकून बसले, तेव्हा बाइदेउंना हसू आवरेना.

शहराकडे पाठ फिरवून आम्ही उत्तर गुवाहाटीतच हिंडायचे ठरविले. पहिला थांबा कनाई बरशी बोवा नावाच्या खडकाचा. तेथे खडकावर संस्कृत लेख कोरलेला आहे आणि त्यात शके ११२७ च्या चैत्रातील तेरावा दिवस नोंदवून, कामरूपात, म्हणजे प्राचीन आसामात, आलेले तुर्क नष्ट झाल्याचे म्हटले आहे. म्हणजे इसवी सन १२०६, बख्तियार खिलजीच्या स्वारीचा काळ. आपल्या पंचांगातला शक दोन-अडीच हजार किलोमीटरवर एका दगडावर भेटावा, याचे ह्यांना इतके अप्रूप वाटले की उन्हात उभे राहून त्यांनी अक्षर न् अक्षर लावण्याचा प्रयत्न केला. या लेखाकडे संस्थेतील मुलांचे फारसे लक्ष जात नसावे. आमच्या कन्येला तरी त्याचा पत्ता नव्हता.

तेथून दोल गोविंद मंदिर जवळच आहे. मंदिर लहान आणि शांत आहे, पण पालकांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की, नदीवरच्या रोपवेचे उत्तरेकडचे स्थानक त्याच्याच बाजूला आहे. २०२० साली सुरू झालेला हा रोपवे सुमारे १.८ किलोमीटर लांबीचा आहे आणि तो थेट शहराच्या मध्यावर, कचहरी घाटाजवळ उतरवतो. जो प्रवास पुलावरून तासाभराचा, तो येथे दहाएक मिनिटांत होतो. संध्याकाळी तो लवकर बंद होतो, तेव्हा परतीची वेळ आधीच विचारून ठेवावी. शेजारच्या राजाद्वार घाटावरून फेरीबोटीही सुटतात. आम्ही गेलो तेव्हा शहराला उत्तर गुवाहाटीशी जोडणाऱ्या नव्या पुलाचे काम चालू होते. तो आता वाहता झाला असेल तर राहण्याच्या जागेचा वर सांगितलेला हिशेब पुष्कळ बदलेल.

रोपवेच्या डब्यातून नदीचा आवाका पहिल्यांदा लक्षात आला. नोव्हेंबरात पाणी ओसरून वाळूचे पांढरे पट्टे उघडे पडतात, आणि उमानंदाचे झाडीने भरलेले बेट अगदी जवळून दिसते. ह्यांनी येथेच आपला आवडता विषय काढला. १६६५ साली पुरंदरचा तह करायला लावणारे मिर्झाराजे जयसिंग आपल्याला ठाऊक असतात. त्यांचा मुलगा रामसिंग आग्र्यात शिवाजी महाराजांसाठी जामीन राहिला होता. महाराज १६६६ मध्ये निसटले आणि रामसिंगावर बादशहाची खप्पा मर्जी झाली. त्याच रामसिंगाला पुढे औरंगजेबाने आसामच्या मोहिमेवर पाठविले, आणि १६७१ मध्ये सराईघाटाजवळ, जेथे हे अफाट पात्र त्यातल्या त्यात अरुंद होते, तेथे आसामच्या अहोम राज्याचा सेनापती लाचित बोरफुकन याने त्याच्या आरमाराचा पराभव केला. लाचित त्या वेळी आजारी होता आणि आपली माणसे मागे हटताना पाहून तो स्वतः नावेत चढला होता.

डब्यातला एक तरुण शांतपणे ऐकत होता. त्याने हिंदीत विचारले, “आप पुणे से हैं? खडकवासला?” राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील सर्वोत्तम छात्राला १९९९ पासून लाचित बोरफुकनाच्या नावाचे सुवर्णपदक दिले जाते, ही गोष्ट त्याला शाळेपासून माहीत होती. आम्ही खडकवासल्यापासून आठ किलोमीटरवर राहतो आणि चौपाटीवर कणसे खायला जातो, पण हे पदक आम्हाला ठाऊक नव्हते. त्याने आम्हाला पुढे फॅन्सी बाजारात चांगला चहा कोठे मिळतो तेही दाखविले.

शुक्रवार

आजच्या दिवसासाठी बाइदेउंच्या ओळखीची गाडी दिवसभरासाठी ठरविली होती. सुआलकुची आणि हाजो ही दोन्ही ठिकाणे उत्तर तीरावरच आहेत आणि एका दिवसात आरामात होतात. शहरात उतरलेल्या पालकांना ती लांब वाटतात आणि ते शिलाँगला धावतात. शिलाँग शंभर किलोमीटरवर आहे आणि सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु मुलाला भेटायला येऊन दोन दिवस घाटातल्या गाड्यांच्या रांगेत घालविण्यापेक्षा हा भाग मला कितीतरी सरस वाटला.

सुआलकुची हे विणकरांचे गाव आहे. गाडीतून उतरल्याबरोबर मागांचा आवाज येतो आणि तो गल्लीगल्लीत आपल्या सोबत येत राहतो. पांढरे पाट रेशीम आणि नैसर्गिक सोनेरी रंगाचे मुगा रेशीम येथे विणतात. मुग्याचा किडा आसामात सोम आणि सुआलू या झाडांवर उघड्यावर वाढवितात. तो सोनेरी रंग धाग्याचा मूळचा असतो, रंगविलेला नसतो. २००७ साली या रेशमाला भौगोलिक मानांकन मिळाले. मागावर बसलेल्या बहुतेक स्त्रिया होत्या. येवल्याचे पैठणीचे माग पाहिलेले असल्यामुळे मी तेथे बराच वेळ उभी राहिले. पैठणीच्या पदरातली नक्षी हाताने, लहान लहान तिल्ल्या फिरवून भरतात. येथे मागाच्या वर जॅकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ लटकत असते आणि तिच्यातील भोकांनुसार ताण्याचे धागे उचलले जाऊन नक्षी उतरते. एका मुलीने मला फळीवर बसवून घेतले आणि दोन वेळा धोटा मारू दिला. तिसऱ्या वेळेस तिने तो सौजन्याने काढून घेतला.

खरेदीसाठी एक सूचना. मेखला-चादर हा दोन भागांचा पोशाख आहे आणि शुद्ध मुग्याची जोडी पैठणीच्याच किमतीला जाते. स्वस्त मुगा म्हणून जे दाखवितात त्यात टसरची भेसळ असण्याचा संभव असतो. तेव्हा सिल्क मार्कची खूण असल्याखेरीज मोठी रक्कम गुंतवू नये. मी मुग्याच्या नादाला न लागता एरी रेशमाची एक शाल घेतली. ती अंगावर ऊबदार असते आणि दिसायला साधी, म्हणजे पुण्यात रोज वापरता येईल.

हाजोला मणिकूट टेकडीवर हयग्रीव माधवाचे मंदिर आहे. सध्याचे मंदिर १५८३ साली कोच राजा रघुदेव याने बांधविले. पायऱ्या चढून गेल्यावर पायथ्याच्या थरात ओळीने कोरलेले हत्ती दिसतात, ते फिरून सगळे पाहावेत. येथे भूतानहून बौद्ध यात्रेकरूही येतात, कारण बुद्धाचे निर्वाण याच ठिकाणी झाले अशी त्यांच्यातील काहींची श्रद्धा आहे. जवळच्याच दुसऱ्या टेकडीवर पाव मक्का नावाचा दर्गा आहे. खाली मंदिराच्या तळ्यात मोठाली कासवे आहेत. पाण्यात पोळीचा तुकडा पडला की ती तोंडे वर काढतात. आमचा चालक, जो सकाळपासून हूं की चूं बोलला नव्हता, तो कासवांपाशी एकदम बोलका झाला आणि त्याने लहानपणी इथे घालविलेल्या सुट्ट्यांच्या आठवणी सांगितल्या.

परतताना त्यानेच विचारले, “हरगिला देखेंगे?” आणि गाडी दादरा गावात वळविली. हरगिला म्हणजे टकल्या डोक्याचा, गळ्याशी नारिंगी पिशवी लोंबणारा, जवळजवळ पाच फूट उंचीचा करकोचा. तो मेलेली जनावरे आणि कचरा खातो, त्याच्या घरट्याखाली दुर्गंधी असते, म्हणून पूर्वी लोक त्याला अपशकुनी मानून घरट्यांची झाडेच तोडीत. डॉ. पूर्णिमा देवी बर्मन यांनी याच परिसरातल्या स्त्रियांना एकत्र करून हे चित्र पालटले. या कामासाठी त्यांना २०१७ मध्ये व्हिटली पुरस्कार आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान मिळाला. गावातील बायका आता मागावर हरगिल्याची नक्षी विणतात, घरट्यांखाली जाळी बांधून पडणारी पिल्ले वाचवितात, आणि विणीच्या हंगामात आपल्याकडच्या डोहाळजेवणासारखा समारंभ करून या पक्ष्यांसाठी गाणी म्हणतात.

एका अंगणात उंच कदंबावर तीन-चार घरटी होती. एक पक्षी हातभर फांदी चोचीत धरून आला आणि ती घरट्यात बसेना म्हणून पुन्हा पुन्हा उलटीसुलटी करीत राहिला. अंगणाच्या मालकीणबाईंनी आम्हाला खुर्च्या दिल्या. “दुर्गंधी येते ना?” असे त्यांनीच हसून विचारले. येत होती, पण आम्ही चहा घेऊनच उठलो. हे झाड खाजगी अंगणात आहे, हे तेथे जाणाऱ्याने विसरू नये. परवानगी घ्यावी, आवाज करू नये आणि ड्रोन वगैरे प्रकार मुळीच करू नयेत.

शनिवार

लेक रात्रभर जागून सकाळी झोपणार होती, म्हणून कामाख्येचे दर्शन आम्ही तेवढ्या वेळात उरकून घ्यायचे ठरविले. ‘उरकणे’ हा शब्द देवदर्शनाला बरा दिसत नाही, पण पहाटे साडेचारला निघूनही रांगेतच उन्हे वर आली. नीलाचल टेकडीवरील सध्याचे मंदिर १५६५ साली उभे राहिले. गाभाऱ्यात मूर्ती नाही; अरुंद पायऱ्यांनी अंधारात खाली उतरल्यावर झऱ्याच्या पाण्याने ओला असलेला खडक आहे, तोच देवी. गर्दी सोसत नसेल किंवा गुडघे दुखत असतील तर बाहेरूनच घुमट आणि शिल्पे पाहून यावे, त्यात कमीपणा नाही. शनिवार-रविवार टाळता आले तर उत्तम, आणि जूनच्या उत्तरार्धात अंबुबाची मेळ्याच्या दिवसांत तर मुलाला भेटायलाही येऊ नये, कारण शहरात खोली मिळणे कठीण होते.

दुपारी कन्या ताजीतवानी होऊन आली आणि तिने आम्हाला संस्थेचा परिसर दाखविला. आसाम करारानंतर १९९४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था टेकड्या आणि तळी यांच्यामध्ये वसलेली आहे, आणि वसतिगृहांना ईशान्येतल्या नद्यांची नावे आहेत: सियांग, कामेंग, लोहित, मानस, दिहिंग. मुलींच्या वसतिगृहाचे नाव सुबनसिरी. पत्त्यातले हे नाव गेले वर्षभर आम्ही पार्सलांवर लिहीत आलो होतो. तिच्या विभागात पुठ्ठ्याची आणि लाकडाची अर्धवट प्रतिरूपे जमिनीवर पसरलेली होती. त्यातले कोणते तिचे, हे आम्हाला ओळखता आले नाही. तिने दाखविलेले आम्ही आधी केराचे समजून ओलांडले होते.

संध्याकाळी जालुकबारीला भूपेन हजारिका यांच्या समाधीपाशी थांबलो. ५ नोव्हेंबर २०११ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि येथे त्यांच्या अंत्यदर्शनाला लोटलेल्या गर्दीबद्दल लोक अजून बोलतात. नंतर शहरात आसामी थाळी घेतली. केळीच्या सालीच्या राखेपासून केलेल्या क्षाराचा ‘खार’, मोहरीच्या कच्च्या तेलात कालवलेली बटाट्याची पिटिका, माशाचे आंबट ‘टेंगा’ कालवण, आणि वर पिळायला लांबट, सुवासिक काजी नेमू. आमच्या पुणेरी जिभेला मोहरीचे तेल आधी खटकले, पण पिटिका मी पुन्हा मागून घेतली. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. डाळ, पालेभाजी, पिटिका आणि खार एवढ्यावर पोट व्यवस्थित भरते, फक्त खारात किंवा डाळीत मासळी नाही ना, हे आधी विचारावे.

रविवार

आज ती आणि तिची इम्फाळची खोलीमैत्रीण, दोघी दिवसभर आमच्याबरोबर होत्या, म्हणून पोबितोरा अभयारण्य ठेवले होते. ते दक्षिण तीरावर, शहरापासून पूर्वेला पन्नासएक किलोमीटरवर आहे. उत्तर तीरावरून निघायचे म्हणजे पहाटे चारला गाडी हवी. काझीरंगासाठी किमान एक मुक्काम लागतो, तो ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी हे चांगले. सुमारे ३८ चौरस किलोमीटरच्या या छोट्या जंगलात २०२२ च्या गणनेत १०७ एकशिंगी गेंडे मोजले गेले. जीप धुक्यातून निघाली, आणि आम्ही दूर कोठेतरी पाहत असताना रस्त्याच्या कडेला धुक्यातच एक भलामोठा करडा दगड हलला. गेंडा आमच्याकडे ढुंकूनही न पाहता गवत ओढीत राहिला. पुढे पिल्लासह मादी दिसली, तेव्हा वनरक्षकाने जीप बरीच अलीकडे थांबविली. या सफारीला स्वेटर आणि कानटोपी घ्यावी, कारण नोव्हेंबरात दुपारी शर्टावर घाम येतो पण उघड्या जीपमध्ये सकाळी दात वाजतात.

परतीच्या वाटेवर दोघी मुली गाडीत गाढ झोपल्या. इम्फाळच्या मुलीला शंकरपाळे इतके आवडले होते की उरलेला सगळा डबा तिच्या पिशवीत गेला.

सोमवार

निघण्याच्या सकाळी बाइदेउंनी दोघांच्याही गळ्यात लाल काठाचा पांढरा गामोसा घातला आणि हिशेब मांडताना एका रात्रीचे जेवण मोजायचे नाकारले. आम्ही त्यांना भाजणी दिली आणि थालीपीठ कसे लावायचे तेही तव्यावर करून दाखविले. त्यांनी लगेच त्यात भूत जोलोकिया मिरची घालून पाहिली. अर्धी मिरची पुरली असती.

यापुढे येऊ इच्छिणाऱ्यांसाठी हंगामाचे गणित सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते, मे ते सप्टेंबर पावसाचा आणि पुराचा काळ. मुलाकडून संस्थेचे शैक्षणिक वेळापत्रक आधी मागवून घ्यावे आणि परीक्षेचा आठवडा सोडून तारखा ठरवाव्यात. दीक्षान्त समारंभाच्या सुमारास अतिथिगृह आणि आसपासच्या घरगुती जागा महिनोन्महिने आधी भरतात. एप्रिलच्या मध्यावर रोंगाली बिहू असतो. तेव्हा शहरात मंडप आणि नाच पाहायला मिळतात, मात्र त्या दिवसांत गाडीवाला मिळणे अवघड, हे आमच्या चालकाने स्वतःच बजावले, कारण तो स्वतः ढोल वाजवतो. जानेवारीत आपल्या संक्रांतीच्याच सुमारास माघ बिहू येतो आणि घरोघरी तिळाचे ‘पिठे’, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ, होतात. त्या वेळी या, असे बाइदेउंनी सांगितले आहे, आणि तिळगूळ आणायचा असेल तर जास्त आणा, असेही.